एमएस आहे, मग दूध बंद करायचं का?

उजव्या डोळ्यासमोर धुकं आल्यासारखं झालं, डोळा फिरवला की आतून दुखायचा. एमआरआय झाला, तीन दिवस स्टेरॉइडची सलाइन लागली आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे मेंदू-मणक्यातल्या मज्जातंतूंचा आजार, हे निदान घेऊन मी घरी आले. त्याच संध्याकाळी नणंदेचा फोन आला, "वहिनी, दूध आजच्या आज बंद करा. मी सगळं वाचलंय." फोन ठेवते तोच सासूबाई हळद घातलेल्या गरम दुधाचा पेला घेऊन दारात उभ्या. "हे घे, अंगात ताकद येईल."

मी नणंदेचं ऐकलं. दूध, दही, ताक, तूप, पनीर, सगळं एका दिवसात बंद. त्याच्या जागी काय खायचं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सव्वा वर्षाने दोन्ही पावलांना मुंग्या यायला लागल्या, अंधारात चालताना तोल जायला लागला. मला वाटलं, आला दुसरा अटॅक. डॉक्टरांनी एमआरआयच्या आधी रक्त तपासायला सांगितलं आणि बी-१२ जीवनसत्त्व निघालं १४०, म्हणजे बरंच कमी. आधीच तळाला गेलेला साठा मी दूध बंद करून पार खरवडून काढला होता. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

त्यामुळे हा लेख 'दूध प्या' किंवा 'दूध सोडा' असं सांगणारा नाही. दुधावर आळ आला कुठून, त्यात तथ्य किती, आणि तुम्हाला स्वतःवर पडताळून पाहायचंच असेल तर माझ्यासारखा घोळ न घालता ते कसं करायचं, एवढंच यात आहे. मी डॉक्टर नाही. आहारात मोठा बदल करण्याआधी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना सांगा, आणि औषध चालू असेल तर ते चालूच ठेवा. दूध सोडणं हा औषधाला पर्याय नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

दुधावर आळ आला कुठून?

सुरुवात नॉर्वेत झाली. रॉय स्वँक नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने पाहिलं की किनाऱ्यावरच्या मासेमार वस्त्यांत एमएस कमी आहे, आणि आतल्या डोंगराळ भागात, जिथे लोक लोणी, दूध, मांस भरपूर खातात, तिथे जास्त. १९५२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे त्याने १४४ रुग्णांना अत्यंत कमी स्निग्धांशाचा आहार देऊन तब्बल ३४ वर्षं त्यांचा मागोवा घेतला. १९९० च्या त्याच्या निबंधानुसार, दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी खाणाऱ्यांची तब्येत बाकीच्यांपेक्षा कितीतरी चांगली राहिली. ऐकायला छान वाटतं. पण यात तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. ज्याची तब्येत बरी तो पथ्य नीट पाळतो आणि ज्याची ढासळते तो सोडून देतो, ही शक्यता उरतेच. आणखी एक गंमत अशी की स्वँकचा राग चरबीवर होता, दुधावर नव्हे. त्याच्या आहारात साय काढलेलं दूध चालतं. ज्याच्या नावाने दूध सोडायला सांगतात, त्याने ते सोडायला सांगितलंच नव्हतं.

१९९२ मध्ये २७ देशांची आकडेवारी मांडून असं दाखवलं गेलं की जिथे गाईचं दूध जास्त पितात तिथे एमएस जास्त. चीजचा मात्र तसा संबंध दिसला नाही. आता थंड, कमी उन्हाच्या देशांत एमएस जास्त असतो हे जुनं निरीक्षण आहे, आणि दूधही तिथेच जास्त पितात. दोन गोष्टी एका गावात राहतात म्हणून त्या नातेवाईक ठरत नाहीत. आपलंच उदाहरण घ्या. जगात सर्वाधिक दूध भारतात निघतं, आणि एमएसचं प्रमाण आपल्याकडे लाखामागे साधारण ५ ते १० आहे. नॉर्वेत ते २०० च्या वर जातं. आपल्याकडे निदान न झालेले पुष्कळ असणार हे मान्य, पण तरी एवढी तफावत दुधाच्या हिशेबात बसत नाही.

मग प्रयोगशाळेतला पुरावा. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते. दुधाच्या चरबीतलं ब्युटिरोफिलिन नावाचं प्रथिन मायलिनमधल्या एका प्रथिनासारखं दिसतं, हे आधीच माहीत होतं. २०२२ साली जर्मनीतल्या बॉन आणि एर्लांगेन इथल्या संशोधकांनी उंदरांना गाईच्या दुधातलं केसीन हे प्रथिन टोचलं, तेव्हा उंदरांच्या मायलिनला इजा झाली. केसीनविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) चुकून मायलिनमधल्या दुसऱ्या एका प्रथिनाला चिकटत होती. एमएस असलेल्या काही माणसांच्या रक्तातही केसीनविरुद्धची अशी प्रतिद्रव्यं जास्त आढळली. सगळे हवाला देतात तो याच अभ्यासाचा. मला तो महत्त्वाचा वाटतो, पण तो नीट वाचायला हवा. उंदरांना केसीन टोचलं होतं, पाजलं नव्हतं. आणि ही गोष्ट 'काही' माणसांपुरती असू शकते असं खुद्द संशोधकांचंच म्हणणं आहे. तुम्ही त्या काहींमध्ये आहात का, हे सांगणारी तपासणी आज कुठल्याही लॅबमध्ये मिळत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे, तो मात्र फॉरवर्ड होत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात, गरोदरपणी रोज २-३ पेले दूध पिणाऱ्या आयांच्या मुलींना एमएस होण्याचं प्रमाण, महिन्याला तीन पेल्यांहून कमी पिणाऱ्यांच्या मुलींपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होतं. तिथल्या दुधात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, त्याचा हा परिणाम असावा. आणि २०२२ मध्येच अमेरिकन लष्करातल्या १ कोटी लोकांच्या नोंदींतून दिसलं की एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. एमएसची सुरुवात कुठून होते याबद्दल आजवर हाती आलेला सगळ्यात भक्कम धागा हा आहे.

आहार बदलून प्रत्यक्ष काय होतं? अमेरिकेत आयोवामध्ये स्वँकचा आहार आणि डॉक्टर टेरी वॉल्स यांचा आहार समोरासमोर ठेवून पाहिले. वॉल्स यांच्या आहारात दूध पूर्ण बंद, स्वँकच्या आहारात कमी चरबीचं दूध चालतं. २०२१ च्या निकालात दोन्ही गटांचा थकवा कमी झाला. म्हणजे दूध पिणाऱ्यांचाही आणि न पिणाऱ्यांचाही. ओरेगनमध्ये ६१ जणांवर वर्षभर झालेल्या चाचणीत, प्राणिजन्य काहीच नसलेल्या कमी चरबीच्या आहाराने थकवा घटला, पण एमआरआय आणि अटॅकची संख्या यांत फरक पडला नाही.

माझ्यापुरता निष्कर्ष असा: दुधामुळे एमएस होतो किंवा बळावतो असा पुरावा नाही. दुधातल्या जास्तीच्या चरबीबद्दल सावध राहायला कारण आहे. आणि दूध काही लोकांच्या पोटाला खरंच सोसत नाही, तो वेगळा प्रश्न आहे.

"मी सोडलं आणि मला बरं वाटलं" याचं काय?

असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. पण एमएसचा सर्वाधिक आढळणारा प्रकार मुळात चढउताराचा आहे. अटॅक येतो, काही आठवडे टिकतो, आणि ओसरतो. माणूस दूध कधी सोडतो? अटॅक आल्यावर, घाबरून. मग पुढच्या दोन महिन्यांत बरं वाटणारच होतं, दूध सोडलं तरी आणि कारलं सोडलं तरी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ.

दुसरी गोष्ट आमच्या आधारगटातल्या एका मैत्रिणीमुळे लक्षात आली. तिने दूध सोडलं आणि 'लघवीची घाई निम्म्यावर आली' म्हणून ती खूश होती. खोदून विचारलं तेव्हा कळलं की दुधाबरोबर तिचे दिवसाचे पाच कप चहाही गेले होते. कोरा चहा तिला आवडत नाही. एमएसमध्ये मूत्राशय आधीच हळवं झालेलं असतं, चहा-कॉफीतलं कॅफिन त्याला आणखी डिवचतं. फायदा चहा सोडल्याचा, श्रेय गेलं दूध सोडल्याला.

म्हणून पडताळायचं तर रीतसर.

पायरी १: आधी रक्त तपासा

दूध सोडायच्या आधी, नंतर नव्हे. बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन एवढं पुरे. स्टेरॉइडचे कोर्स पुष्कळ झाले असतील, चालणं कमी झालं असेल किंवा पाळी गेली असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात आणि एमएसमध्ये पडण्याचा धोका जास्त, ही जोडी वाईट.

बी-१२ बद्दल जास्त बोलायला हवं. हे जीवनसत्त्व मायलिन शाबूत ठेवायला लागतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, थकवा, विसरभोळेपणा येतो. म्हणजे यादी जवळपास एमएसचीच. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं. शाकाहारी माणसाला ते मिळायचा खात्रीचा घरगुती मार्ग एकच, दूध आणि दुधाचे पदार्थ. भाजीत नाही, डाळीत नाही, स्पिरुलिनाच्या गोळ्यांतलं शरीराला कामाचं नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी घटतं. मायलिन वाचवायला म्हणून दूध सोडायचं आणि बी-१२ घालवून मायलिनच धोक्यात आणायचं, हा उद्योग मी करून बसले आहे.

एक तपासणी मात्र करू नका. 'फूड इंटॉलरन्स पॅनेल' म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची यादी आणि लाल-हिरवे ठिपके असलेला महागडा रिपोर्ट मिळतो. त्यात आयजीजी प्रतिद्रव्यं मोजतात, आणि ती बहुतेक वेळा एवढंच सांगतात की तो पदार्थ तुम्ही खात आला आहात. रोज दूध पिणाऱ्याच्या रिपोर्टात दूध लाल येणारच.

पायरी २: दोन आठवडे नुसतं लिहा

काहीही न बदलता. वहीत रोज चार ओळी: दुधाचं काय काय पोटात गेलं आणि किती, थकवा शून्य ते दहात किती, पोट कसं होतं, झोप किती झाली. दिवसाचं कमाल तापमानही टिपा, का ते पुढे सांगते.

लिहायला लागल्यावर कळतं की दूध आपण पितो त्यापेक्षा खातो जास्त. मी दूध पुन्हा सुरू करून असं पडताळलं, तेव्हाच्या पहिल्या आठवड्याच्या वहीत मंगळवारची ओळ अशी आहे: "चहा ३ (दूध अंदाजे १५० मिली), वरणभातावर तूप १ चमचा, दही १ वाटी, ऑफिसात वाढदिवसाचा पेढा २, संध्याकाळी बिस्किटं ४." मी स्वतःला दूध न पिणारी समजत होते.

याच वहीवरून चरबीचा हिशेब मांडा. पिशवीवर लिहिलेलं असतं: फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. फुल क्रीमच्या २०० मिलीच्या पेल्यात १२ ग्रॅम चरबी, त्यातली साडेसात ग्रॅमच्या आसपास संपृक्त. असे दोन पेले प्यायले की १५ ग्रॅम तिथेच संपले. स्वँकची वरची मर्यादा २० ग्रॅमची, आणि दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्याने हृदयासाठी पाळायची मर्यादाही तेवढीच. तेच दोन पेले डबल टोन्डचे घेतले तर चार ग्रॅमच्या आत. सुटं म्हशीचं दूध घेत असाल तर ते फुल क्रीम धरूनच चाला. तुपाच्या लहान चमच्यात संपृक्त चरबी तीन ग्रॅमच्या आसपास. वरणावरचा एक चमचा चालेल, पण पुरणपोळीवरची धार मोजायला वहीची पानं कमी पडतील.

पुष्कळांचं काम या पायरीवरच होतं. पिशवी बदलली, साय बाजूला काढली, पेढे-खवा-चीज सणापुरतं ठेवलं की झालं. पुढे जायची गरज सगळ्यांना नसते. अमेरिकेतल्या ११ केंद्रांमधल्या २१९ मुलांच्या अभ्यासात संपृक्त चरबी जास्त खाणाऱ्यांना अटॅक जास्त आणि भाज्या जास्त खाणाऱ्यांना कमी आले होते. तेव्हा साय काढून वाचलेली जागा भाजीने भरलीत तर उत्तमच.

पायरी ३: पूर्ण बंद करून पाहायचं असेल तर

आधी हे कोणी करू नये ते सांगते. वजन आधीच कमी असलेले, गिळायला त्रास असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, हाडं ठिसूळ झालेले. गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशाखाली सुखाने जाणारं घट्ट दही, खीर, पनीर काढून घेतलं तर तो खाणार काय? यांनी आहारतज्ज्ञांशिवाय दुधाला हात लावू नये.

बाकीच्यांनी वेळ नीट निवडावी. अटॅक येऊन गेल्यावर किमान तीन महिने थांबा. नवीन औषध सुरू केलं असेल तर ते अंगवळणी पडू द्या. आणि एप्रिल-मे टाळा. एमएसमध्ये अंगाचं तापमान थोडं वाढलं तरी जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. मार्चात दूध सोडलं आणि मेमध्ये पाय जड झाले तर दोष नागपूरच्या उन्हाचा असतो. तापमान टिपायचं ते यासाठी. उलटही होतं: मे अखेर सोडलं, जूनमध्ये पाऊस आला, गार वाटलं, आणि दुधाला शिक्षा झाली. श्रावण ते दिवाळीही सोडाच. उपास, मोदक, खिरापत, पंचामृत यांतून वाट काढणं कठीण. मला डिसेंबर-जानेवारी सोयीचे गेले.

मुदत चार आठवडे. पोटाच्या तक्रारींना तेवढे भरपूर होतात. या काळात बाकी काही बदलायचं नाही, ना गहू सोडायचा, ना नवा योगासनाचा वर्ग लावायचा. चहा जितका घेत होता तितकाच कोरा किंवा सोया दूध घालून घ्या, नाहीतर माझ्या मैत्रिणीसारखी गल्लत होईल.

पाकिटांवर दूध पावडर, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे शब्द शोधा. ब्रेड, बिस्किटं, चॉकलेट, प्रोटीन पावडर, हॉटेलच्या लाल-पांढऱ्या ग्रेव्ह्या, सगळीकडे ते असतं. पुष्कळ औषधी गोळ्यांत बांधणीसाठी चिमूटभर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करा. लॅक्टोजपायी गोळी बंद करणारा माणूस मला भेटलेला आहे, म्हणून लिहिलं.

पायरी ४: परत आणा, एकेक करून

ही पायरी लोक गाळतात, आणि खरं उत्तर इथेच असतं. पहिले तीन दिवस फक्त तूप. मग तीन दिवस दही-ताक. मग पनीर. सगळ्यात शेवटी दूध, आधी अर्धा पेला, मग पूर्ण. वही चालूच.

दही-ताक सोसलं आणि दुधाने पोट फुगलं, गुडगुडलं, जुलाब झाले, तर तुम्हाला बहुधा लॅक्टोज पचत नाही. आपल्याकडे मोठ्यांमध्ये हे अगदी सर्रास आहे आणि त्याचा एमएसशी काही संबंध नाही. विरजणातले जिवाणू बरंचसं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, म्हणून दही चालतं. अशांनी दूध सोडावं, ताक ठेवावं, किंवा लॅक्टोज-फ्री दूध घ्यावं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला, तर ती ॲलर्जी आहे. प्रयोग तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

चारही गोष्टी परत आल्या आणि वहीतले आकडे जागचे हलले नाहीत, तर दूध तुमचं शत्रू नाही. माझे हलले नाहीत. थकव्याचा आकडा हलला तो एकाच गोष्टीने, रात्री अकराच्या आत झोपल्यावर, पण त्यावर कोणी व्हिडिओ करत नाही.

ए-टू दूध (ठरावीक प्रकारच्या केसीनचं), गीर गाईचं दूध यांचं काय, हे विचारलं जाणारच. एमएसमध्ये त्याने फरक पडतो असं दाखवणारा अभ्यास नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागेही घेतला. तुमचे पैसे, तुमची मर्जी.

पायरी ५: सोडायचंच ठरलं तर पानात काय?

तुम्ही वीगन असाल, दूध आवडतच नसेल किंवा मनाला शांतता वाटत असेल, तर सोडा. दुधावाचून कोणाचं अडत नाही. पण जागा भरा.

मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, हा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा २०२० चा आकडा. दुधाच्या पेल्यात साधारण २४० असतं. नाचणीच्या एका भाकरीत, पीठ ५० ग्रॅम धरलं तर, १८० च्या आसपास. पांढऱ्या तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर, म्हणजे मोठा चमचाभर तिळाच्या चटणीत शंभरेक. शेवग्याचा पाला उत्तम. पालक आणि अळूतलं कॅल्शियम ऑक्सॅलेटमुळे फारसं अंगी लागत नाही. मासे खाणाऱ्यांना सोपं आहे. कवचासकट चावून खाल्लेला सुका जवळा किंवा सुकट म्हणजे कॅल्शियमचा खजिना, फक्त मीठ सांभाळा. एवढं करूनही हजार गाठणं शाकाहाऱ्याला सोपं नसतं, तेव्हा गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

बी-१२ साठी अंडी-मासे खात असाल तर थोडी निश्चिंती. नसाल तर गोळी, आणि ती आयुष्यभर. यात पळवाट नाही.

ड जीवनसत्त्व दुधात तसंही नगण्यच असतं. पिशवीवर फोर्टिफाइडची खूण असेल तर थोडं घातलेलं असतं. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी दुधातून घेतात. दूध सोडलं असेल तर ती जेवणाबरोबर घ्या, थोडं तेल-तूप पोटात असलं की झालं. पण डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितलं असेल तर आठच. वर्षानुवर्षं दर रविवारी पुडी घेऊन रक्तातलं कॅल्शियम चढलेली माणसं रुग्णालयात दाखल होतात.

नारळाचं, बदामाचं दूध चवीला छान, पण प्रथिनं नावाला. प्रथिनांत दुधाच्या जवळ जातं ते सोया दूध. घरी केलंत तर कॅल्शियम मिळणार नाही, ते विकतच्या डब्यात वेगळं घातलेलं असतं. बाकी उसळी, डाळी, टोफू आहेतच.

औषधं आणि दूध

एमएसवरची डायमिथाइल फ्युमरेट ही गोळी घेणाऱ्यांना अंग तापून लाल होणं, पोटात मळमळणं हा त्रास सुरुवातीला होतो. भरल्या पोटी घेतली की तो कमी होतो. बऱ्याच जणांना वाटीभर दह्याबरोबर ती सोसते. दूध सोडलं असेल तर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरी चालते. कोऱ्या चहावर मात्र नको.

एमएसमध्ये लघवीचा संसर्ग वरचेवर होतो आणि त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं जातं. ते दूध, दही किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर अंगी लागत नाही. गोळी दुधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांतही चार तासांचं अंतर ठेवा.

आणि कच्चं दूध नको. गावी गेल्यावर काका गोठ्यातलं धारोष्ण दूध प्रेमाने पुढे करतात. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना त्यातून ब्रुसेला, लिस्टेरिया, क्षयाचे जंतू येऊ शकतात. अलेमट्युझुमॅब हे एमएसवरचं औषध घेणाऱ्यांना तर लिस्टेरियाबद्दल लेखी सूचना असते: कच्चं दूध, मऊ चीज औषधाच्या दोन आठवडे आधीपासून ते महिनाभर नंतरपर्यंत बंद. उकळी फुटलेलं दूध आणि वाफवलेला खरवस चालतो.

डॉक्टरांना कधी गाठायचं?

नवीन लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, एका डोळ्याने कमी दिसायला लागलं, पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर वही उघडून काल पेढा खाल्ला होता का हे शोधत बसू नका. आधी ताप आहे का पाहा, लघवी तपासून घ्या, कारण संसर्गामुळेही जुनी लक्षणं उफाळतात, आणि त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. पाऊल टाकताना मुंग्या येत असतील तर बी-१२ चा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे तेही सांगा. माझा फ्रिजच्या दारावर लावलेला आहे, दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारी.